कपाटातली पुस्तकं मुलांच्या हाती कशी पोचवायची

15 ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवशी, शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. कपाट उघडतं, मुलं तासभर वाचतात, फोटो निघतात आणि पुस्तकं परत कुलपात जातात. पहिली ते चौथीच्या मुलांना वाचनाची गोडी लागायला रोजची पंधरा मिनिटं लागतात. शिवाय पुस्तक घरी न्यायची मोकळीक हवी.

कुलपामागचं कारण समजून घ्या. शाळेच्या साठा नोंदवहीत चढलेलं पुस्तक हरवलं तर जाब शिक्षकाला द्यावा लागतो, म्हणून ते मुलाच्या हाती द्यायला मन धजत नाही. यावर उपाय सोपा आहे: नोंदवहीतल्या पुस्तकांना हात न लावता वर्गाची वेगळी पेटी करा. ती भेट मिळालेल्या आणि वर्गणीतून घेतलेल्या पुस्तकांची असू द्या. यातलं काही फाटणार, काही हरवणार, हे मुख्याध्यापकांशी आणि पालकसभेत आधीच बोलून ठेवा.

तीस मुलांच्या वर्गाला साठ पुस्तकांवर सुरुवात होते, नव्वद झाली की पेटी सुरळीत चालते. मुलामागे एक घरी, एक निवडायला समोर आणि एक डागडुजीत, असा तो हिशेब. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, एकलव्य यांची पातळ चित्रपुस्तकं परवडतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी फुकट उतरवून छापता येतात. तिसरी-चौथीसाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मागून घ्या. देणगीत गाइडं, जुनी पाठ्यपुस्तकं आणि मोठ्यांच्या कादंबऱ्याही येतात. त्या त्याच दिवशी बाजूला काढा, नाहीतर मुलांना चांगलं पुस्तक सापडतच नाही.

मांडणी

पुस्तकांचा कणा लहान मुलाला काही सांगत नाही, त्याला मुखपृष्ठ दिसायला हवं. भिंतीवर जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर नायलॉनची दोरी ताणून बांधा. तीन मीटरच्या दोरीवर दहा-बारा पातळ पुस्तकं बसतात. त्याहून जास्त टांगली तर दोरी मध्ये झुलते आणि सगळी एकमेकांवर घसरतात. पिना मारलेली सोळा-चोवीस पानी पुस्तकं मधोमध उघडून दोरीवर टाकता येतात. गोंदाने चिकटवलेली मात्र कधीही टांगू नका, आठवड्यात कणा सुटतो आणि पानं हातात येतात. ती खोक्यात, मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी ठेवा. दर सोमवारी दोरीवरची पुस्तकं बदला. तीच ती दिसली की मुलं तिकडे बघेनाशी होतात.

पुस्तकाच्या कोपऱ्यावर रंगाची टिकली लावा: पानावर एक-दोन ओळी आणि जोडाक्षरं जवळजवळ नाहीत ते हिरवं, चार-पाच ओळींचं पिवळं, त्यापुढचं निळं. मराठीत अडचण बहुधा जोडाक्षरापाशी येते, म्हणून पानसंख्येपेक्षा ती बघा. टिकली पुस्तकाला आहे, मुलाला नाही. ‘तू हिरव्यातलाच’ असं एकदा म्हटलं की ते मूल दोरीपाशी यायचं थांबतं. पुस्तक जड आहे का हे मुलालाच तपासू द्या: कुठलंही पान उघडायचं, अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं, पाचही मिटली तर आज दुसरं घ्यायचं. तरीही त्याला तेच हवं असेल तर नेऊ द्या. चित्रं बघणं हेही वाचनच आहे.

रोजची पंधरा मिनिटं

मधल्या सुट्टीनंतर लगेचची वेळ सगळ्यात चांगली. दहा मिनिटं शिक्षकाने मोठ्याने वाचायचं. पुस्तक छातीशी, चित्र मुलांकडे करून धरा आणि पान उलटण्याआधी तीन सेकंद थांबा. त्या तीन सेकंदांत मागच्या रांगेतली मुलं गुडघ्यावर उठतात. गोष्ट संपल्यावर ‘यातून काय बोध घेतला?’ विचारू नका. त्या प्रश्नाने गोष्टीचा धडा होतो आणि उत्तर येत नाही ते मूल पुढच्या वेळी मान खाली घालून बसतं.

उरलेली पाच मिनिटं एका मुलाची. त्याने वाचलेलं पुस्तक दाखवायचं आणि दोनच गोष्टी सांगायच्या: मी कुठल्या चित्रापाशी थांबलो आणि हे पुस्तक वर्गात कुणाला आवडेल. ज्याचं नाव घेतलं त्याच्या हातात पुस्तक तिथेच द्यायचं. शिक्षकाच्या सांगण्यापेक्षा मित्राने दिलेलं पुस्तक जास्त वाचलं जातं.

देवघेव

शंभर पानी वही, चार रकाने: तारीख, नाव, पुस्तक क्रमांक, परत. नोंद मुलांनीच करायची. दर आठवड्याला दोघांची जोडी, एक तिसरी-चौथीतला आणि एक लहान. पुस्तक सात दिवस घरी. दंड ठेवू नका. पाच रुपयांच्या भीतीने आईच म्हणते, ‘नको आणूस पुस्तक घरी.’ पुस्तक हरवलं तर त्या मुलाने चार दिवस डागडुजीला मदत करायची, एवढं पुरे. सोबत जुन्या कापडाची बारा बाय चौदा इंची पिशवी द्या, कारण दप्तरातलं पुस्तक डब्यातल्या तेलाने आणि पाण्याच्या बाटलीने खराब होतं.

महिन्यातून एका शनिवारी अदलाबदल. घरचं पुस्तक आणलं की एक चिठ्ठी, चिठ्ठी दिली की दुसऱ्याचं पुस्तक. इथेच एक घोटाळा होतो: ज्याच्या घरी पुस्तकच नाही ते मूल रिकाम्या हाताने उभं राहतं. म्हणून आदल्या दिवशी सगळ्या वर्गाला पुस्तक करायला लावा. ए-४ कागद लांबीतून दुमडून उलगडा. मग रुंदीतून दोनदा दुमडून उलगडा, आठ चौकोन दिसतील. रुंदीतून पुन्हा एकदाच दुमडा आणि बंद कडेकडून मधल्या घडीवर एक चौकोन आत कापा. कागद उघडून लांबीतून दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला. काप फाकतो, आठ पानी पुस्तक होतं. त्यात आजीने सांगितलेली गोष्ट किंवा घरच्या शेळीचं चित्र काहीही चालेल. त्यालाही तीच एक चिठ्ठी.

डागडुजी

चिकटपट्टी वापरू नका. ती वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडून चिकट होते आणि काढताना अक्षरं उचलते. घरची खळही नको, तिला कसर आणि झुरळं लागतात. सुटलेल्या पानाच्या आतल्या कडेला काडीने फेविकॉलची बारीक रेघ ओढा, पान घट्ट आत बसवा, दोन्ही बाजूंनी मेणकागद घाला आणि रात्रभर विटेखाली दाबून ठेवा. फेविकॉल जास्त झालं तर शेजारची पानं चिकटतात. कण्याला एक इंची सुती पट्टी लावली की पुस्तक आणखी बरंच टिकतं.

पावसाळ्यात, कोकणात तर विशेषच, भिंतीला ओल येते. जून ते सप्टेंबर दोरी भिंतीपासून चार बोटं पुढे बांधा आणि ऊन पडेल त्या दिवशी पुस्तकं पंख्यासारखी उघडून सावलीत तासभर ठेवा. मेच्या सुट्टीत पेटी बंद पडू देऊ नका: प्रत्येकाला दोन पुस्तकं द्या, शेजारी राहणाऱ्या मुलांना वेगवेगळी, म्हणजे सुट्टीभर ती आपसांत फिरतील.