पन्नाशीनंतर पायातली ताकद घटतेय, थकवा उतरत नाही? या चुका टाळा

नाशिकमधल्या कुठल्याही सायकलिंग किंवा रनिंग ग्रुपात पन्नाशी ओलांडलेल्या चार जणांशी बोला, तक्रार एकच असते. पूर्वी चढावर ग्रुपबरोबर राहायचो, आता मागे पडतो. रविवारी लाँग राईड झाली की बुधवारपर्यंत पाय भरलेले राहतात. आणि त्यापुढचं वाक्य ठरलेलं: "वय झालं आता."

वयाचा वाटा आहेच. हृदयाचे कमाल ठोके दर वर्षी साधारण पाऊण ठोक्याने कमी होतात आणि ते कोणाच्याच हातात नाही. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, म्हणजे व्हीओटू मॅक्स, ते व्यायाम न करणाऱ्यांत दर दहा वर्षांनी १० टक्क्यांच्या आसपास घसरतं. जोरकस सराव टिकवणाऱ्यांत ही घसरण जवळपास निम्मी असते. स्नायूंमधले वेगवान, जोर लावणारे तंतू आधी बारीक होतात, संथ आणि चिवट तंतू बराच काळ टिकतात. म्हणूनच २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड, साडेतेरा तासांच्या मुदतीत निवांत पूर्ण होते, पण दोन मिनिटांच्या चढावर पाय साथ सोडतात.

तरीही मला ठामपणे वाटतं की लोक वयाच्या खात्यावर जेवढं टाकतात त्यातलं बरंचसं सरावाच्या पद्धतीचं असतं. फ्रान्सचे सायकलपटू रॉबर्ट मार्शाँ यांचं उदाहरण घ्या. वयाच्या १०१ ते १०३ या काळात त्यांचा सराव शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली नव्याने आखला: ८० टक्के हलका, २० टक्के जोराचा. त्यांचं व्हीओटू मॅक्स ३१ वरून ३५ वर गेलं आणि कमाल ताकद ९० वॅटवरून १२५ वॅटवर. शंभरी ओलांडल्यावर हे होत असेल तर पंचावन्नाव्या वर्षी हात टेकायचं कारण नाही.

रोजचं "मध्यम" सोडा

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

पंचावन्न वर्षांच्या एका नेहमीच्या रायडरचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. सोमवारी सुट्टी. मंगळवार ते शुक्रवार गंगापूर धरणाच्या बाजूला तास-दीड तास, घड्याळात हार्ट रेट सरासरी १४० ते १४५. शनिवारी पळणं. रविवारी त्र्यंबक, आणि ग्रुप जोरात असेल तर त्याहून पुढे. आकडे रोज जवळपास सारखेच. दम लागतो पण धाप लागत नाही, बोलता येतं पण तुटक. घरी आल्यावर चांगला घाम निघाल्याचं समाधान असतं.

या आठवड्यात हलकं असं काहीच नाही आणि खऱ्या अर्थाने जोराचंही काहीच नाही. वेगवान तंतूंना कामाला लावण्याइतका जोर एकदाही लागत नाही, त्यामुळे ते झिजत राहतात. रोजचा भार मात्र इतका असतो की शरीर पूर्ण भरून येत नाही. ताकद घटते ती यामुळे आणि थकवा साचतो तोही यामुळेच. मग माणूस काय करतो? किलोमीटर वाढवतो! लांब पल्ल्याचं वेड आपल्या शहराला आहेच. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर भावांनी दोघांच्या संघात रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, त्याचा अभिमान सगळ्यांनाच आहे. पण चढावरची ताकद परत हवी असेल तर आणखी किलोमीटर हा त्यावरचा उपाय नव्हे.

आठवड्यात दोनच दिवस जोराचे ठेवा. एका दिवशी चार मिनिटं असं चढायचं की एखाद-दुसऱ्या शब्दापलीकडे बोलता येऊ नये, मग तीन मिनिटं अगदी संथ. असं चार वेळा. दुसऱ्या दिवशी आठ-दहा सेकंदांचे पूर्ण ताकदीचे स्प्रिंट, पाच-सहाच, आणि प्रत्येकानंतर तीन ते पाच मिनिटं आराम. एवढा मोठा आराम फुकट वाटतो, पण तो कापला की स्प्रिंटचा पुन्हा "मध्यम" होतो. रहदारीत हे जमत नाही, तेव्हा होम ट्रेनर, म्हणजे सायकल घरात जागेवरच चालवायचं उपकरण, उत्तम. पळणाऱ्यांनी पांडवलेणीच्या पायऱ्या गर्दी नसताना वापराव्यात; चढताना जोर, उतरताना सावकाश, कारण गुडघ्यांना मार बसतो तो उतरताना.

बाकीचे दिवस खरोखर हलके हवेत. हे सगळ्यांना अवघड जातं. मागून पंचविशीतला मुलगा "काका, साइड" म्हणत पुढे गेला की पाय आपोआप जोर लावतात. त्याला जाऊ द्या. सलग, न अडखळता पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर तो दिवस हलका राहिलेला नाही.

घड्याळाच्या झोनवर डोळे मिटून विश्वास नको

बरीच घड्याळं २२० वजा वय या सूत्रावर झोन, म्हणजे हलक्या ते जोराच्या सरावाचे ठोक्यांचे टप्पे, ठरवतात. ५५ व्या वर्षी उत्तर येतं १६५. तुमचे खरे कमाल ठोके १७८ असू शकतात किंवा १५५ सुद्धा. इतका फरक अगदी सामान्य आहे. आकडा चुकला की सगळे झोन चुकतात. बोलता येण्याची कसोटी यापेक्षा भरवशाची. बीपीसाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले राहतात, तिथे हार्ट रेटचे झोन बाजूलाच ठेवा.

"सायकल चालवतो, पायांना वेगळ्या व्यायामाची काय गरज?"

गरज आहे, आणि पन्नाशीनंतर ती वाढत जाते. सायकलवर पाय हजारो वेळा फिरतात, पण दर वेळी लागणारा जोर थोडा असतो. स्नायूंची ताकद टिकवायला मोजक्या वेळा, पण जड वजन उचलावं लागतं. दुसरा मुद्दा हाडांचा. सायकलवर शरीराचं वजन सॅडल पेलते, हाडांवर भार येत नाही; वर्षानुवर्षं फक्त सायकलच चालवणाऱ्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता कमी आढळते. एक साधं पडणं मग महागात जातं. पाळी थांबलेल्या स्त्रियांसाठी हे दुपटीने महत्त्वाचं, कारण इस्ट्रोजेन कमी झाल्यावर हाडं आणि स्नायू दोन्ही झपाट्याने उतरतात.

आठवड्यातून दोनदा स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), एका पायावरचं स्टेप-अप (पायरीवर चढणं) आणि पोटऱ्यांचा एक व्यायाम पुरतो. पहिले सहा-आठ आठवडे वजन हलकंच ठेवा. स्नायू लवकर तयार होतात, पण स्नायूबंध मागे राहतात आणि घाईत दुखावतात ते तेच. नंतर पाच ते आठ वेळाच उचलता येईल असं वजन घ्या, आणि सेट संपताना अजून दोन वेळा जमलं असतं इतकी शिल्लक ठेवा. श्वास कोंडून उचलू नका, विशेषतः बीपी असेल तर.

सात दिवसांच्या आठवड्याचा हट्ट

तिशीत जोराच्या सरावानंतर एक-दीड दिवसात पाय मोकळे व्हायचे. आता दोन ते तीन दिवस लागतात. यात बिघडलेलं काही नाही, दुरुस्तीचं काम तेवढा वेळ घेतं. म्हणून दोन जोराचे दिवस सात दिवसांत बसत नसतील तर नऊ-दहा दिवसांचं चक्र करा. रविवारची ग्रुप राईड चुकेल, चुकू द्या. दोन आठवडे भार आणि तिसरा आठवडा निम्म्यावर, हे गणित बहुतेकांना मानवतं. निफाड-दिंडोरीकडचा बागायतदार द्राक्षाची काढणी झाल्यावर लगेच खरड छाटणीला लागत नाही, वेलीला काही आठवडे विसावा देतो, कारण पुढच्या हंगामाचं पीक त्या विसाव्यावर अवलंबून असतं. शरीराचा हिशेब तोच आहे.

थकवा साचल्याची खूण कशी ओळखायची? सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त, आणि असं सलग दोन-तीन दिवस, तर जोराचा सराव पुढे ढकला. दुसरी खूण उलटी असते: चढावर जीव काढूनही हार्ट रेट वरच जात नाही. अनेकांना वाटतं फिटनेस वाढला. बहुतेकदा पाय दमलेले असतात.

राईड साजरी झाली, नाश्ता राहिला

रविवारी राईडनंतर मिसळ खायची नाही असं नाशिकमध्ये सांगणं मला जमणार नाही. पण प्लेटीत बघा: मूठ-दोन मूठ मटकी, वर फरसाण, तर्री, पाव. प्रथिनं १० ते १५ ग्रॅमच्या घरात. वय वाढतं तसे स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देतात. एका वेळच्या जेवणात वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.४ ग्रॅम लागतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला २६ ग्रॅम. मिसळीबरोबर दोन अंडी घेतली की १२ ग्रॅमची भर पडते; शाकाहारी असाल तर पाऊणशे ग्रॅम पनीर जवळपास तेच काम करतं. रोजच्या पोह्यांच्या नाश्त्याची अवस्था मिसळीपेक्षा वाईट आहे, आणि साबुदाण्याच्या खिचडीत तर दाण्याच्या कुटाशिवाय प्रथिनं जवळजवळ नाहीतच. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

उपाशीपोटी तीन-चार तास सायकल चालवून वजन उतरवायचा प्रयत्नही सोडा. दीड तासाच्या पुढे दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात.

झोपेबद्दल थोडक्यात: रात्री साडेअकराला झोपून पहाटे साडेचारला उठणाऱ्याला कुठलीही पावडर वाचवू शकत नाही. गाढ झोप वयाबरोबर आधीच कमी होत जाते, उरलेली तरी कापू नका. राईड एक तास उशिरा सुरू केली तर उन्हाळा सोडून काही बिघडत नाही.

बीआरएमच्या सुरुवातीलाच वेदनाशामक गोळी घ्यायची सवय काही ग्रुपांत बोकाळली आहे. ती ताबडतोब थांबवा. एप्रिल-मेच्या उन्हात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर घाला घालतात. उतारवयात तहानही उशिरा लागते, त्यामुळे पाणी कमी पडल्याचं लक्षातच येत नाही.

सगळंच वयावर ढकलू नका

वयामुळे होणारी घट वर्षांत मोजायची असते. दोन-तीन महिन्यांत ताकद धपकन खाली आली असेल तर कारण दुसरं शोधा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व, थायरॉइड आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) एवढ्या तपासण्या करून घ्या. शाकाहारींमध्ये बी-१२ ची कमतरता नेहमीची आहे, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आणखी वाढते. कोलेस्ट्रॉलची गोळी सुरू झाल्यानंतर पाय दुखू लागले असतील तर डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

छातीवर दाब, चढावर अचानक चक्कर, नेहमीच्या रस्त्यावर नेहमीपेक्षा जास्त धाप, किंवा ठोके मध्येच वेडेवाकडे पडणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लांब पल्ल्याचा सराव वर्षानुवर्षं केलेल्या पुरुषांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लय बिघडणं, इतरांपेक्षा जास्त दिसतं. "मी तर इतका फिट" या समजुतीवर ते अंगावर काढू नये. तपासणीला जाताना गेल्या वर्ष-दोन वर्षांचा राईडचा डेटा मोबाईलमध्ये घेऊन जा. आरामात बसलेल्या माणसाचा ईसीजी बरेचदा नॉर्मलच येतो. त्याच चढावर मागच्या वर्षी किती ठोक्यांत किती वॅट निघत होते आणि आज किती निघतात, हे दाखवलंत तर डॉक्टरांना पुढची तपासणी ठरवायला आधार मिळतो.