जुळी घरी येताहेत: रात्रीची तयारी दिवसाच करून ठेवा

पहाटे तीनला एक बाळ नुकतंच झोपलेलं असतं आणि दुसरं तासभर रडत असतं. तेव्हा माणूस विचार करत नाही, हाताला येईल ते करतो. मानेखाली उशी सरकवतो, बाळाला पालथं घालतो, छातीवर घेऊन सोफ्यावर टेकतो आणि तिथेच त्याचा डोळा लागतो. आमच्या जुळ्यांतल्या धाकटीच्या पायी या तिन्ही धोक्याच्या गोष्टी माझ्या हातून होता होता राहिल्या आहेत. म्हणून ही यादी रात्रीसाठी असली, तरी ती दिवसा, घरातल्या सगळ्यांनी मिळून करायची आहे.

आमची जुळी ३५व्या आठवड्यात झाली. थोरला सव्वादोन किलोचा, धाकटी जेमतेम एक किलो नऊशेची. थोरला पोट भरलं की झोपायचा. धाकटीला मात्र मांडीवरून खाली ठेवलं की दोन मिनिटांत रडं सुरू. मुंबईत परळला आमचं वन रूम किचन, माणसं आम्ही तीन, बाळं दोन आणि गणपती तोंडावर आलेले. झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोका वेळेआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांना जास्त असतो आणि जुळी बरेचदा अशीच येतात. त्यामुळे जागा कितीही कमी असली तरी काही गोष्टींत तडजोड करायची नाही, हे आम्ही आधीच ठरवलं.

सगळ्यात आधी झोपायची जागा बघा. दोन बाळांना दोन पाळणे लागतात. जुळी पोटात एकत्र होती, मग एकाच पाळण्यात शांत झोपतील, असं सगळे सांगतात आणि ऐकायला ते गोडही वाटतं. पण एकाचा हात दुसऱ्याच्या नाकातोंडावर येऊ शकतो, एकाची ऊब दुसऱ्याला जास्त होते. आम्ही खोलीतलं कपाट स्वयंपाकघरात हलवलं आणि दोन छोटे सरळ तळाचे पाळणे आमच्या पलंगाला लागून ठेवले. निदान पहिले सहा महिने बाळं आपल्याच खोलीत, पण आपापल्या जागी झोपलेली बरी. पाळणा घेताना दोन दांड्यांमधली फट मोजा, ती सहा सेंटिमीटरपेक्षा कमी हवी. गादी हाताने दाबली तर खड्डा पडू नये आणि गादी व कडेच्या मध्ये दोन बोटं शिरू नयेत. वर एकच चादर, चारही बाजूंनी घट्ट खोचलेली. उशी, लोड, गोधडी, कडेचे मऊ तक्के, कापडी खेळणी यांतलं काहीच पाळण्यात नको. भेट म्हणून आलेल्या गोष्टी कपाटात ठेवा, बाळं मोठी झाली की वापरता येतात.

झोळीचा विषय नाजूक आहे. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, स्वतःची जुनी मऊ नऊवारी झोळीसाठी धुऊन ठेवली होती. त्यांची चारही मुलं झोळीतच वाढली. पण झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि एवढ्याशा मानेत श्वासाची वाट दुमडते. हे मी सांगितलं असतं तर घरात नुसता वाद झाला असता. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी मी आईंना मुद्दाम बरोबर नेलं आणि डॉक्टरांना सगळं त्यांच्यासमोरच विचारलं. उताणं झोपवलं तर उलटी घशात अडकेल, ही आईंची खरी भीती होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे वर आलेलं दूध खालीच राहतं. पालथं केलं की हे उलटं होतं. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक बाळ दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं, हेही त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून रात्री उठून दोघं उताणी आहेत ना, हे आईच बघायच्या. नऊवारीची दुपटी शिवली. तुमच्याही घरात मोठं माणूस असेल, तर ही भेट चुकवू नका.

राईच्या उशीचंही तसंच. डोकं गोल व्हावं म्हणून ती लावायची गरज नाही. एका रात्री बाळाचं डोकं पाळण्याच्या या टोकाला, दुसऱ्या रात्री त्या टोकाला ठेवा, म्हणजे मान दोन्हीकडे वळते. दिवसा बाळ जागं असताना, आपण समोर बसून, थोडा वेळ पालथं ठेवा.

कपड्यांची खरेदी थोडक्यात आटपा. हिंदमाताच्या कापडबाजारात सुती मलमल घेऊन दुपटी शिवली तरी पुरतात, पण पावसाळ्यात दुप्पट घ्या, कारण दोन-दोन दिवस काही वाळत नाही. दुपट्यात गुंडाळलं की दचकून उठणारं बाळ शांत होतं. आमच्या धाकटीला याचा फार उपयोग झाला. गुंडाळताना एकच पातळ थर घ्या, दुपटं खांद्याच्या वर नको आणि पाय आत मोकळे हलले पाहिजेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो. गुंडाळलेलं बाळ उताणंच ठेवायचं. कुशीवर वळायची पहिली खटपट दिसली की गुंडाळणं बंद.

मुंबईच्या दमटपणात बाळाला थंडीपेक्षा उकाड्याचा त्रास होण्याची शक्यता अधिक. हातपाय गार लागतात म्हणून आणखी एक झबलं चढवू नका. मानेच्या मागे हात लावून बघा, तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा. पंखा चालतो. एसी असेल तर २५-२६ वर, झोत अंगावर नको. टोपडं झोपताना काढा, मात्र वजन फारच कमी असेल तर पहिले काही दिवस डॉक्टर सांगतील तसं. मच्छरदाणी ताणून बांधा, सैल कापड बाळाच्या तोंडाजवळ लोंबता कामा नये. अंघोळीनंतरची धुरी, डासांची कॉइल, कुणाची सिगारेट, यांतलं काहीही बाळांच्या खोलीत नको. पाहुण्यांना हे दारातच सांगावं लागतं आणि ते तुम्ही नाही, बाबांनी सांगावं.

आता रडक्या बाळाविषयी. रडणं सुरू झालं की एका ठरलेल्या क्रमाने जायचं. हा क्रम आम्ही कागदावर लिहून फ्रिजवर लावला होता. पहिलं म्हणजे अर्धा मिनिट थांबायचं, कारण तान्ही बाळं झोपेतच कुंथतात, हातपाय झाडतात आणि आपण उचलल्यामुळेच जागी होतात. मग लंगोट, भूक, ढेकर, घाम. मग हातापायाची बोटं एकेक करून बघायची: बाळंतपणानंतर आईचे केस गळतात आणि एखादा केस किंवा मोज्याचा धागा बोटाला आवळून बसतो. हे सगळं ठीक असेल तर उघड्या छातीशी उघडं बाळ, वरून दुपटं, अंधुक उजेड आणि संथ येरझारा. धाकटी बहुतेक वेळा इथेच शांत व्हायची. आईंची अंगाईही एकच होती, रोज तीच. झोपेसाठी गुटी, मध, ग्राइप वॉटर काहीही देऊ नका. मध तर वर्षभर नाहीच.

बाळ मांडीवर झोपलं तरी शेवटी पाळण्यात उताणंच ठेवायचं. आपल्याला पेंग येत असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत दूध पाजायला बसू नका, सगळ्यात जास्त धोका तिथे आहे. आम्ही पाळ्या लावल्या होत्या: रात्री नऊ ते दोन नवरा आणि आई, दोन ते सकाळ मी, मधल्या पाजण्यासाठी मला फक्त उठवायचं. एक दुधासाठी उठला की दुसऱ्यालाही पाजा, नाहीतर रात्र संपतच नाही. वहीत दोघांची पानं वेगळी ठेवा. व्हिटॅमिन डीचे थेंब एकालाच दोनदा आणि दुसऱ्याला एकदाही नाही, असं झोपेत सहज होतं.

हे किती दिवस? बाळांचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात वाढतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. वेळेआधी आलेल्यांचा हिशोब डॉक्टरांनी बाळंतपणाची दिलेली मूळ तारीख धरून करायचा. धाकटीचा सहावा आठवडा म्हणजे जन्मापासून अकरावा, हे कळल्यावर मी कॅलेंडरवर खूण केली आणि मला खरंच धीर आला. सहनशक्ती संपली असं वाटलं, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा आणि पाच मिनिटं गॅलरीत जाऊन उभ्या राहा. बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही. शेजारचं जुळं उठेल म्हणून घाबरू नका, आमचा थोरला बहिणीच्या रडण्यातच काय, विसर्जनाच्या ढोल-ताशातही झोपायचा.

शेवटचं काम दाराजवळचं. थर्मामीटर, दोघांच्या फायली, दोन लंगोट आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून ती खिळ्याला अडकवा. ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त, दूध ओढेनासं होणं, हिरवी उलटी, निळसर ओठ, श्वास घेताना बरगड्या आत जाणं, अंग लुळं पडणं किंवा रडण्याचा सूरच बदलणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आजच घाला, आणि कोण कुठल्या बाळाबरोबर जाणार व कोण घरी थांबणार, तेही आजच ठरवा.