ग्रेफाइट नेकचा जुना बेस पाहायला निघण्याआधी

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून नागपूरला जुना बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, पाहायला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, म्हणून तयारी घरूनच करून निघा. मला हवा होता ग्रेफाइटच्या, म्हणजे कार्बनच्या धाग्यांच्या, नेकचा. नेक म्हणजे तारा दाबायची लांब दांडी. मी पहिल्यांदा गेलो तो मोकळ्या हातानं. विकणारा फोनवर म्हणाला होता, "भाऊ, ग्रेफाइटचा आहे गा." हातात घेतला तर नेक साधा मेपलच्या लाकडाचा. ग्रेफाइटचा होता तो नट, तारा ज्या खाचांतून जातात ती दोन बोटांची पट्टी. खोटं बोलला म्हणता येत नाही, मीच नीट विचारलं नव्हतं.

तेव्हा पहिलं काम फोनवरच उरकायचं. नेकच्या पाठीचा, हेडस्टॉकचा (खुंट्या असतात ते डोकं) आणि नेक बॉडीला जिथं बसतो त्या जागेचा फोटो उजेडात काढून मागवा. पाठीवर लाकडाच्या रेषा दिसल्या तर विषय संपला. काही कंपन्या लाकडी नेकच्या पोटात ग्रेफाइटच्या दोन सळया घालतात. नेक चांगला असतो, पण आपण शोधतो तो हा नव्हे. खऱ्या ग्रेफाइटची पाठ रंगवलेली नसेल तर काळी असते आणि बहुतेकदा तिरपं धरलं की विणलेल्या कापडासारखी चमकते. रंगवलेली असेल तर डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. ट्रस रॉडचं, म्हणजे नेकचा बाक कमीजास्त करणाऱ्या आतल्या सळईचं, भोक आहे का तेही विचारा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. मॉड्युलसच्या सुरुवातीच्या नेकमध्ये रॉड नव्हता, नंतरच्या नेकमध्ये आला.

मॉड्युलस म्हणजे १९७८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली कंपनी. ती काढणाऱ्यांपैकी जेफ गूल्ड विमान-अंतराळाच्या कारखान्यात काम करायचा आणि स्वतः बेस वाजवायचा, तिथूनच हा धागा गिटारीत आला. माल उत्तम, गल्ला मात्र कायम ओढाताणीचा. २०१३ च्या सुमारास काम थांबलं. दुसरं नाव स्टाइनबर्गर: डोकं नसलेला, वल्ह्यासारखा बेस, ज्याचं बॉडीसकट सगळं कार्बन-काचेच्या धाग्यांचं. ती कंपनी १९८७ मध्ये गिब्सननं घेतली. इथं फसगत फार होते, कारण होनरनं परवाना घेऊन तसाच दिसणारा बी-टू काढला. त्यावर स्टाइनबर्गरचं नाव सापडतं, पण नेक लाकडी. 'स्पिरिट' लिहिलेलेही लाकडीच. नाव वाचून पैसे मोजू नका.

आता पिशवी भरा. चिमट्याचा ट्यूनर, मोजपट्टी, बॅटरीचा टॉर्च, ९ व्होल्टची नवी बॅटरी, स्वतःची वायर, एक व्हिजिटिंग कार्ड. बिनडोक्याचा बेस असेल तर ताराही घ्या. काहींना दोन्ही टोकांना मणी असलेल्या ताराच लागतात. सीताबर्डीच्या दुकानात मी मागितल्या तर मालकानं साध्या गिटारच्या तारा पुढं ठेवल्या. त्या आधी मागवून ठेवायच्या.

तिथं पोचलात की लगेच वाजवायला बसू नका. चहा घेईपर्यंत बेस पंख्याखाली राहू द्या, मग चारही तारा बरोबर सुरात आणा. तारा सैल असताना नेक सरळ दिसला तर त्याला अर्थ नाही. मग मुख्य परीक्षा, इथं घाई करू नका. फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. पहिल्या फ्रेटवर तार एका हातानं दाबा, दुसऱ्या हाताच्या करंगळीनं तीच तार नेक जिथं बॉडीला भेटतो त्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तारेखाली कार्ड सरकवा. हलकं घासून गेलं, म्हणजे साधारण ०.३ मिमी फट, तर नेक उत्तम. कार्ड शिरतच नसेल आणि तार फ्रेटला टेकलेली असेल, तर वाजवताना खरखर येणार. तीन कार्डं एकावर एक बसली तर नेक पुढे झुकलाय. हीच परीक्षा जाड आणि बारीक, दोन्ही टोकांच्या तारांवर करा. दोन्हीकडे फट वेगळी आली तर नेकला पीळ आहे.

लाकडी नेकमधला बाक ट्रस रॉडनं निभतो. रॉड नसलेल्या ग्रेफाइटमध्ये जे आहे तेच पदरात पडतं. हलक्या तारा लावून किंचित फरक पडतो, बाकी मिस्त्रीकडे इलाज नाही. म्हणून पिळलेल्या नेकसाठी "पाच हजार कमी करा" असा सौदा करू नका, सरळ उठा. झिजलेल्या फ्रेटचं तसं नाही, पण ते काम जाणत्या माणसाकडेच द्या, आणि घासताना उडणारी कार्बनची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये.

मोजपट्टीनं नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ३४ इंच आले तर नेहमीचं माप, ३५ आले तर लांब स्केल. त्याला तारा आणि बोटं दोन्ही वेगळी लागतात. नेकच्या बोल्टांभोवती आणि हेडस्टॉकच्या वळणाशी टॉर्चनं केसाएवढी चीर शोधा. मग वायर जोडा, आतली बॅटरी बदला. खरखर गेली तर दोष बॅटरीचा, राहिली तर पॉटचा (आवाजाच्या बटणाचा) किंवा जॅकचा (वायर खोचायच्या भोकाचा). ते किरकोळ.

एवढा खटाटोप कशासाठी, असं आमच्या नाटक मंडळीतला ऑर्गनवाला विचारतो. मी तिथं बेस वाजवतो. नाटक रात्री सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं, बाजूला धानाच्या बांध्या आणि दव. संध्याकाळी सरळ असलेला माझा लाकडी नेक तिसऱ्या अंकात खरखरायचा. ग्रेफाइटचा तसा हलत नाही. पण सूर अजिबात उतरणार नाही, अशा भ्रमात राहू नका. तारा शेवटी लोखंडाच्याच, थंडीत आखडतात, उन्हात सैल होतात. ट्यूनर खिशात लागतोच.

परतीच्या एसटीत तो ड्रायव्हरशेजारच्या गरम बॉनेटवर ठेवू नका, आणि मे महिन्यात तर बंद गाडीत मुळीच नको. कंडक्टर वर टाका म्हणाला तरी तिकीट काढून शेजारच्या सीटवर बसवा. मी अर्धं तिकीट देतो म्हटलं होतं. कंडक्टर हसला, पण जागा दिली.