आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला येणाऱ्यांना मी जे सांगते

पणजीत सांतिनेजला आमची चार मजल्यांची सोसायटी आहे. तिची सचिव म्हणून मला अकरा वर्षे झाली. नवे बिऱ्हाड आले की सामान लागल्यावर त्यांना मी चहाला बोलावते आणि तासभर बसवून घेते. त्या तासात सांगते तेच इथे लिहिते. पालिकेचे बहुतेक नियम पाळायला सोपे असतात, पण ते वेळेआधी पाळायचे असतात. झाड पडल्यावर कापायची परवानगी मागून उपयोग नाही, आणि बाल्कनी बंद करून झाल्यावर आराखडा दाखवून चालत नाही.

पहिली गोष्ट हद्दीची. आपण नक्की कोणाच्या हद्दीत राहतो हे ठाऊक नसले की बाकी सगळे चुकत जाते. गोव्यात महापालिका एकच, पणजीची, आणि तिचा कायदा २००२ चा. म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली, मुरगाव इथे नगरपालिका आहेत. त्या १९६८ च्या कायद्याखाली चालतात. ताळगाव आणि पर्वरी बघताना शहरच वाटते, पण तिथे पंचायत आहे. माझ्या मावसबहिणीने ताळगावात फ्लॅट घेतला आणि गटाराची तक्रार नेऊन दिली पणजी महापालिकेत. पंधरा दिवस फुकट गेले आणि मग पंचायतीकडे पहिल्यापासून सुरुवात. म्हणून घरपट्टीची जुनी पावती मागून घ्या. तिच्यावर ज्या संस्थेचे नाव छापलेले असेल तिथेच तुमचे सगळे अर्ज जायचे. फ्लॅट विकत घेतला असेल तर घरपट्टीवर नाव लगेच बदलून घ्या. मात्र ती पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे लक्षात असू द्या.

आता कचरा. यावर मी सगळ्यात जास्त बोलते. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या बाईचा तळवा कापला. ओल्या कचऱ्याच्या पिशवीत कोणी फुटलेला ग्लास टाकला होता. पिशवी आमच्याच बिल्डिंगमधली होती. हाताला फडके बांधून ती पुढच्या दाराकडे गेली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. त्या दिवसापासून फुटकी काच आम्ही जाड पुठ्ठ्यात गुंडाळतो, वर चिकटपट्टी लावतो आणि मार्करने मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहितो. ब्लेड आणि इंजेक्शनच्या सुयाही तशाच, पण जाड प्लास्टिकच्या डब्यात, झाकण घट्ट लावून.

कचरा घरातच वेगळा करायचा, हे देशाच्या घनकचरा नियमांतही आहे. ओला एकीकडे, सुका दुसरीकडे, आणि बॅटरी, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे तिसरीकडे. पॅड आणि डायपर कागदात नीट गुंडाळून वेगळे द्यायचे. पणजीत सोसायट्यांसाठी याच्याही पुढे जाऊन १६ प्रकारांचे वर्गीकरण आहे. आकडा ऐकून लोक घाबरतात. पण दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, चिप्सचे पाकीट, टेट्रा पॅक, पुठ्ठा आणि पत्र्याचा डबा या सहा वस्तू ओळखून वेगळ्या ठेवता आल्या की रोजचे निम्मे काम होते. दुधाची पिशवी पूर्ण कापून, विसळून, दोरीवर वाळवायची. न धुतलेली एक पिशवी ढिगात गेली तर बाकीच्या चांगल्या पिशव्यांनाही वास लागतो. नुस्त्याचे, म्हणजे मासळीचे, म्हणाल तर सुंगटांच्या (कोळंबीच्या) साली आणि बांगड्यांची डोकी डब्यात घालून रात्री फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी गाडी आली की ओल्यात द्या. रात्री पिशवी जिन्याखाली ठेवाल तर कुत्री ती फाडणार, आणि सकाळी ते साफ करणारी पुन्हा तीच बाई.

कचरा जाळायला बंदी आहे, माडाच्या झावळ्या आणि सुका पालापाचोळासुद्धा त्यात आला. पावसाळ्याआधी परस झाडून काढल्यावर काडी लावायची आपल्याकडची जुनी सवय आहे, माझी आजीही लावायची. पण आता शेजारच्या खिडक्या दहा फुटांवर आहेत आणि त्या पाल्यात प्लास्टिकही असते. पाला एका खड्ड्यात साठवा, वर्षभरात खत होते. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्यांवर देशभर बंदी आहे, तेव्हा मार्केटला जाताना कापडी पिशवी घ्या.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात करा. सोसायटीच्या आवारातले गटार आपले, बाहेरचे पालिकेचे. आवारातले आधी उपसून घ्या आणि निघालेली माती रस्त्याच्या गटाराच्या काठावर ठेवू नका, पहिल्याच पावसात ती परत आत जाते. सेप्टिक टँकचे किंवा स्वयंपाकघराचे पाणी पावसाच्या गटारात सोडायचे नाही. ते शेवटी सांतिनेजच्या व्हाळातून (ओढ्यातून) मांडवीत जाते. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणे, कुंड्यांखालच्या बशा, टाकून दिलेले टायर हे सगळे आठवड्यातून एकदा बघा, डास तिथेच होतात.

झाडांचे वेगळेच आहे. आपल्या जागेतले झाड आपले, पण कापायचे तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. माडाबद्दल अजूनही गोंधळ आहे. २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून माडाला झाडाच्या व्याख्येतून वगळले होते. त्यावर लोक खवळले आणि २०१७ मध्ये सरकारने माडाला परत आत घेऊन राज्यवृक्ष ठरवले. कोणी पाडेली (माडावर चढून नारळ काढणारा) ‘माडाला काय परवानगी!’ म्हणाला तर ऐकू नका. झाड खरेच कलले असेल, छपरावर पडेल अशी भीती असेल, तर फोटो लावून उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, आणि तो एप्रिलमध्ये करा. जूनमध्ये वारा सुटल्यावर सगळेच अर्ज घेऊन धावतात.

आवाजाचे नियम देशभर एकच आहेत, २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर नाही, वाद्य नाही, आवाजाचे फटाके नाहीत, आणि वस्तीत विनाकारण हॉर्नही नाही. वस्तीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. दिवसा लावायच्या लाऊडस्पीकरलाही लेखी परवानगी लागते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्याकडे घुमट आरती होते आणि मला ती जिवापाड आवडते. आम्ही आठला सुरू करतो आणि साडेनऊला प्रसाद वाटतो. तळमजल्यावरचे आजोबा हृदयरोगी आहेत, तरी आरतीला स्वतः येऊन बसतात. दिवाळीच्या पहाटे नरकासुराचा पुतळा जाळतात, त्या आदल्या रात्री मात्र त्यांना मुलीकडे जावे लागायचे. आता मुलांशी आमचे ठरले आहे: स्पीकर दहाला बंद, आणि नरकासुर जाळून झाला की लोखंडी सांगाडा आणि तारा त्याच सकाळी रस्त्यावरून उचलायच्या. त्या तारांवरून घसरून स्कूटरवाले पडतात. मुलांशी हे बोलायचे ते पुतळा बांधायला घेतात तेव्हा, पंधरा दिवस आधी. त्या रात्री जाऊन बोलाल तर भांडणच होईल.

घरात दुरुस्ती काढणार असाल तर रंग आणि फरशी बदलायला कोणी अडवत नाही, पण भिंत पाडणे, बाल्कनी बंद करणे, गच्चीवर पत्रे घालणे, कुंपणाची भिंत बांधणे यासाठी आधी पालिकेत विचारा. फोंतेनाससारख्या वारसा भागात बाहेरून काहीही बदलताना तर आणखी जपून. रेती आणि विटा रस्त्यावर ठेवू नका. निघालेला राडारोडा कंत्राटदार कुठे टाकणार हे काम देतानाच लिहून घ्या. तो शेतात किंवा खाजनात (खाडीकाठच्या सखल जमिनीत) गेला तर त्याची जबाबदारी तुमच्यावरही येते.

भाडेकरू ठेवताना पोलीस ठाण्यात त्याची माहिती लगेच द्या. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत. फ्लॅट दिवसाच्या भाड्याने पर्यटकांना द्यायचा तर १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी लागते. थुंकणे आणि सार्वजनिक ठिकाणी सिगारेट याविरुद्ध गोव्यात १९९७ चा कायदा आहे. जिन्यात तर आम्ही मुळीच चालवून घेत नाही.

अर्ज कसा करायचा ते सांगते. मराठीत लिहिला तरी चालतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठी वापरण्याचीही तरतूद आहे. एका अर्जात एकच विषय. दोन प्रती काढा, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी ‘बघतो’ म्हणाले तर हसून म्हणायचे, ‘बघा हां बाबा, पण शिक्का द्या.’ वेळेत सेवा देण्याच्या २०१३ च्या कायद्याने ठरलेल्या सेवांना ठराविक दिवसांची मुदत आहे. ती संपली की आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र द्या. तरीही काही हालले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आमच्या शिक्केवाल्या प्रती एका निळ्या फाइलमध्ये मीटरच्या खोलीत ठेवलेल्या असतात. चहा झाला की मी नव्या बिऱ्हाडाला खाली नेते, फाइल दाखवते आणि खोलीची किल्ली कुठे टांगली आहे ते सांगते.