श्रावण तोंडावर आणि फ्रीजमध्ये डझनभर अंडी

गटारीच्या आठवड्यात ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत कितीतरी घरांत हा घोळ होतो. स्वस्त पडतो म्हणून तीस अंड्यांचा अख्खा ट्रे घेतलेला असतो, अमावस्या दोन दिवसांवर येते आणि दहा-बारा अंडी तशीच उरतात. रोज रोज ऑम्लेट खाणार तरी कोण? त्यापेक्षा एक दुपार काढा. केकमध्ये चार, पुडिंगमध्ये चार, अशी आठ अंडी मार्गी लागतात.

आधी तपासणी. सुट्या अंड्यांवर तारीख नसते, म्हणून खोल भांड्यात गार पाणी घेऊन अंडं अलगद सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं. तळाला टेकूनच उभं राहिलं तर जुनं, पण बेकिंगला चालेल. वर तरंगलं तर सरळ टाकून द्या. कवचाच्या बारीक छिद्रांतून ओलावा उडत जातो आणि आतली हवेची पोकळी वाढते, म्हणून जुनं अंडं हलकं होतं. यातून वय कळतं, जंतू कळत नाहीत. त्यामुळे प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा, वास घ्या, मगच पातेल्यात घाला. हा आळस करू नका. सातवं अंडं नासकं निघालं की आधीची सहाही जातात. तडकलेली अंडी घेऊच नका.

केकचं माप पाठ करावं लागत नाही. चार अंडी फोडून वजन करा, साधारण 200 ग्रॅम भरतील. तेवढाच मैदा, तेवढंच लोणी, तेवढीच पिठीसाखर. (मी साखर 20-30 ग्रॅम कमीच घालते.) मैद्यात दीड चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ घालून दोनदा चाळा. मऊ लोणी आणि साखर रंग फिका पडेपर्यंत फेटा, मग एकेक अंडं घालत जा. इथेच बहुतेकांचं मिश्रण फुटतं, कारण अंडी थेट फ्रीजमधली असतात. न फोडलेली अंडी आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवली की हा त्रास जवळजवळ संपतो. तरीही फुटलंच तर चमचाभर मैदा घाला, सावरतं. उरलेला मैदा आणि व्हॅनिला घालून हलक्या हाताने, फक्त कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत कालवा. आठ इंची भांड्याला बटर पेपर लावून, आधी तापवलेल्या ओटीजीत (छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) 180 अंशांवर 40-45 मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला.

अर्ध्या मैद्याऐवजी बारीक रवा आणि वर मूठभर ओलं खोबरं घातलं, तर ख्रिसमसला ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाणे-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती) घरांत होणाऱ्या रवा-खोबऱ्याच्या केकच्या जवळ जाणारी चव येते. मला तोच जास्त आवडतो. रवा घातलात तर मिश्रण अर्धा तास झाकून ठेवा आणि बेकिंग पावडर अगदी शेवटी मिसळा.

पुडिंगला ओव्हनही नको. चार चमचे साखर भांड्यात तांबूस होईपर्यंत वितळवून तळाला फिरवा. अर्धा लिटर कोमट दूध, चार अंडी, 100 ग्रॅम साखर फेस न आणता ढवळा, गाळून त्यावर ओता. घट्ट झाकून, शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये मंद आचेवर अर्धा तास. पूर्ण गार झाल्याशिवाय उलटू नका.

मेरिंगच्या (अंड्याचा पांढरा भाग साखरेबरोबर फेटून भाजलेल्या कुरकुरीत गोडाच्या) नादी मात्र जुलै-ऑगस्टमध्ये लागू नका. ठाण्याच्या दमट हवेत ते तासाभरात चिकट होतं.

श्रावण पाळणाऱ्या घरात केकसुद्धा अमावस्येच्या आतच संपायला हवा. त्यात अंडं आहे हे सासूबाईंपासून लपत नाही. उरला तर तुकडे प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका, दोन महिने छान राहतात. उरलेली अंडी कवचासकट गोठवू नका, फुटतात. फोडून, फेटून, डब्यावर तारीख आणि किती अंडी ते लिहून ठेवा. गणपती झाले की आदल्या रात्री डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढा आणि दुसऱ्या दिवशी हाच केक लावा.