जुनी ५० मिमी एफ/१.५ लेन्स, डिजिटल रेंजफाइंडर आणि मागे सरकणारा फोकस: माझा अनुभव

लेन्स सोव्हिएत काळातली, 'सोनार' (Sonnar) या जुन्या जर्मन रचनेची, स्क्रू माउंटची म्हणजे आट्यांनी बसणारी. अनंतावर (खूप दूरच्या वस्तूंवर) चोख, पण १ मीटरवर ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण, म्हणजे एफ/१.५ ला उघडल्यावर डोळ्यावर धरलेला फोकस कानावर. लेन्स कॅमेऱ्याला जोडणारं दुसरं ॲडॉप्टर लावलं, फरक शून्य. बॉडी दुरुस्तीला दिली, तिथे 'कॅमेरा ठीक आहे' म्हणून परत. वैताग आला.

मूळ कारण असं: लायका कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर (लेन्स किती पुढे आली त्यावरून अंतर जुळवणारी यंत्रणा) ५१.६ मिमी फोकल लांबी धरून चालतो, ही लेन्स ५२.४ च्या आसपासची. त्यामुळे जवळच्या अंतरावर ती पुरेशी पुढे येत नाही. फिल्मच्या लहान प्रिंटवर हे खपून जायचं, सेन्सरवर १०० टक्के मोठं करून पाहिलं की उघडं पडतं.

आधी खात्रीच्या दुसऱ्या लेन्सने बॉडी निर्दोष असल्याचं पाहून घ्या. मग ट्रायपॉड, १ मीटरवर ४५ अंशात तिरकी पट्टी, रेंजफाइंडरने फोकस, एफ/१.५ ला फोटो. माझा फोकस ३ सेंमी मागे होता. या अंतरावर तेवढ्यासाठी काचा पुढे सरकवायला साधारण ०.१ मिमी शिम (पातळ चकती) लागते. काचांचा गट फोकसिंग माउंटमधून फिरवून काढा, आधीच्या शिमवर ०.१ ची चकती ठेवा, परत बसवा. (फोकस पुढे पडत असेल तर उलट, शिम कमी करायची.) पुन्हा पट्टीचा फोटो, मग एफ/२.८ लाही, कारण सोनारचा फोकस ॲपर्चर बारीक करताना आणखी मागे जातो.

ॲपर्चरची खूण थोडी फिरते, चालतं. अनंतावर चोख फोटोसाठी मात्र आता ॲपर्चर एफ/५.६ पर्यंत बारीक करावं लागतं; माणसांचेच फोटो काढत असाल तर हा सौदा परवडतो.