नदीकाठचा प्लॉट घेण्यापूर्वी पूररेषा कशी तपासावी

कोल्हापूर-सांगली भागात नदीलगतचे प्लॉट गिऱ्हाइकाला बहुधा उन्हाळ्यात दाखवले जातात, आणि त्या दिवसांत पंचगंगा किंवा कृष्णा पात्राच्या तळाशी असते. म्हणून जागेआधी कागद पाहावा.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. सर्वसाधारणपणे निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र असून तेथे नव्या घराला परवानगी नसते. निळ्या आणि लाल रेषेमधल्या नियंत्रित क्षेत्रात जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवावे लागते. नगररचना कार्यालयात गट क्रमांक देऊन झोन दाखला (जमीन कोणत्या वापर-विभागात येते याचा दाखला) आणि विकास आराखड्याचा भाग-नकाशा मागावा व त्यावर दोन्ही रेषा शोधाव्यात. ‘प्लॉट एनए आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये, कारण जमीन बिगरशेती झाली म्हणून तिची उंची वाढत नाही.

‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती सुमारे २६ टक्के होते, आणि निळ्या रेषेच्या पुराची सुमारे ७० टक्के. या भागाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत पाहिले आहेत.

यानंतरचे काम सर्वेअरचे. प्लॉटची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून घ्यावी आणि ती लाल रेषेच्या पातळीशी ताडावी. नदी किती लांब आहे यावरून अंदाज बांधणे फसवे ठरते, कारण पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते त्या नरसोबाच्या वाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी तुंबते आणि ओढ्या-नाल्यांतून उलटे वस्तीत शिरते.

कोल्हापूरला पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे; सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ती अनुक्रमे ४० व ४५ फूट आहे. हे फूट त्या-त्या मोजपट्टीचे असतात, आपल्या दाराचे नव्हेत. म्हणून गल्लीतल्या जुन्या रहिवाशांना नेमके विचारावे, ‘पुलाजवळ किती फूट झाले की या कोपऱ्यावर पाणी येते?’ बहुतेकांना तो आकडा तोंडपाठ असतो. शेजारच्या भिंतींवरील गाळाची रेघ आणि छातीच्या वर सरकवलेले विजेचे मीटरही बरेच काही सांगून जातात.

विक्रेता भराव टाकून देण्याची तयारी दाखवील. प्लॉट लाल रेषेखाली दोन मीटर असेल, तर जोते जवळजवळ अडीच मीटर उचलावे लागेल. एवढ्या भरावाने पुराला पसरायची जागा अडते व ते पाणी शेजाऱ्याकडे ढकलले जाते. घर खांबांवर उचलून खालचा मजला मोकळा ठेवणे त्यापेक्षा बरे, पण महापुरात घर सुरक्षित असले तरी रस्ता पाण्याखालीच राहतो. झोन दाखला आणि उंचीचा अहवाल हाती येईपर्यंत विसार देऊ नये.